टाळी कोणाची? ‘द कॉन्ज्युरिंग’च्या टीझरचं प्रकरण

२०१२ साल संपत आलं होतं. न्यू लाइन सिनेमा या अमेरिकी कंपनीच्या हातात एक भयपट होता आणि तो लोकांपुढे आणायचा कसा, हे ठरायचं होतं. नाव ‘द कॉन्ज्युरिंग’, दिग्दर्शक जेम्स वान, खर्च साधारण दोन कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळ. गोष्ट १९७१ची. ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅरिसव्हिल गावात एका जुन्या शेतघरात पेरॉन कुटुंब राहायला येतं. नवरा, बायको, पाच मुली. घर पछाडलेलं निघतं. मग एड आणि लोरेन वॉरन हे भुताखेतांचा छडा लावणारं जोडपं मदतीला येतं.

हे वाचून कोणाच्या अंगावर काटा येईल? जुनं घर, भोळं कुटुंब, तळघर, कोनाड्यात दडलेला इतिहास, हे सगळं अमेरिकी प्रेक्षकाने लहानपणापासून पाहिलेलं. वेरा फार्मिगा, पॅट्रिक विल्सन, लिली टेलर ही मंडळी अभिनयात पक्की, पण नुसत्या नावावर तिकिटं खपावीत अशी नव्हेत. पोस्टरवर छापावा असा मुखवटेवाला खलनायक नाही. रक्तपात जवळजवळ नाही. वानच्या आधीच्या ‘सॉ’ला निदान कापाकापीचं कुतूहल तरी होतं. इथे सांगायला नवं काहीच नव्हतं, आणि दाखवायला जे होतं ते नीट मांडून दाखवल्याखेरीज भीतिदायक वाटणारं नव्हतं.

नेहमीची वाट

अशा वेळी ट्रेलर कापणाऱ्यांकडे एक पायवाट तयार असते. सामानाने भरलेली गाडी झाडीतल्या रस्त्याने येते. मुलं खिडकीतून हसतात. आई नव्या घराकडे पाहून समाधानाचा श्वास टाकते. कुत्रा मात्र उंबरठा ओलांडायला तयार नसतो. रात्री दार करकरतं, आणि बाप म्हणतो, घर जुनं आहे, आवाज यायचेच. धाकटी मुलगी कोपऱ्याकडे बघत कोणाशी तरी बोलते. इथपर्यंत पाऊण मिनिट झालेलं असतं. मग एखादा पाद्री, प्राध्यापक किंवा गावातली म्हातारी येऊन जुन्या कात्रणांचा गठ्ठा उघडते आणि आपल्याला सांगते की इथे पूर्वी काय घडलं. त्यानंतर धबधबा सुरू. पायाला धरून कोणी अंधारात ओढलं जातं, खिडक्या धडाधड बंद होतात, न्हाणीघरातलं पाणी काळं पडतं. दर तुकड्यामागे काळा पडदा आणि छातीत घुमणारा एक ठोका. मागे एखादं बालगीत, पण निम्म्या वेगात. मग सगळं शांत. नाव झळकतं. आणि नाव गेल्यावर, प्रेक्षक खांदे सैल सोडतो त्या क्षणी, शेवटचा दणका.

या साच्याला हसणं सोपं आहे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी गरजेतून आली आहे. अमेरिकी चित्रपटगृहात ट्रेलर बघणारा माणूस दुसराच सिनेमा पाहायला आलेला असतो. त्या काळी ट्रेलरला अडीच मिनिटांपर्यंत मुभा असे. २०१४च्या सुरुवातीला थिएटरमालकांच्या संघटनेने ती दोन मिनिटांवर आणण्याचा आग्रह धरला. एवढ्या वेळात अनोळखी कुटुंबाबद्दल जिव्हाळा निर्माण करायचा तर हसरी मुलं आणि सामानाची गाडी याहून जलद काही नाही. काळ्या पडद्यांचंही तसंच. ज्या ट्रेलरआधी हिरवी पाटी येते तो सर्वसाधारण प्रेक्षकांसमोर चालवायचा असतो, म्हणून त्यात वार दिसत नाही, जखम दिसत नाही. मग कात्री वार पडण्याच्या अगदी आधी चालते आणि पुढची जागा काळी राहते. ही शैली निम्मीअधिक नियमांनी घडवली, असं माझं मत. त्या काळेपणात पाहणारा आपल्या मनातलं भरतो, हा फायदा बहुधा नंतर लक्षात आला असावा.

साचा मोडून पैसे कमावल्याचं ताजं उदाहरणही त्या वेळी डोळ्यांसमोर होतं. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ हा सिनेमा ओरेन पेलीने आपल्या सॅन दिएगोच्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरांत चित्रित केला होता. त्यात दाखवण्यासारखं म्हणजे काय, तर पलंग, दार आणि एका जागी रोवलेला कॅमेरा. २००९ मध्ये पॅरामाउंटने त्याचा ट्रेलर केला तेव्हा कॅमेरा पडद्याकडून वळवून प्रेक्षकांवर रोखला. अंधारात टिपलेल्या हिरवट चित्रात माणसं खुर्चीत आकसतात, शेजाऱ्याला घट्ट धरतात, किंचाळतात. पडद्यावर काय चाललंय ते ओझरतंच दिसतं. चलाख युक्ती होती. पण ती एकदाच चालणारी. दुसऱ्याने केली की ती साबणाच्या जाहिरातीत ‘आमचे समाधानी ग्राहक’ दाखवण्यासारखी वाटू लागते. न्यू लाइनला काहीतरी वेगळं हवं होतं.

टीझरमध्ये काय आहे

सिनेमाची पहिली झलक ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉन या कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात दाखवली गेली. पुढे जो टीझर जगभर पाहिला गेला, तो जवळजवळ सगळा एका खेळावर उभा आहे. पेरॉनांच्या मुली घरात आंधळी कोशिंबीर खेळतात, फक्त त्यांच्या नियमात एक भर आहे. ज्याच्यावर राज्य, त्याच्या डोळ्यांवर पट्टी. बाकीच्यांनी घरात कुठेही लपायचं. पण राज्य असलेल्याने मागितली की लपलेल्याने टाळी वाजवायची. तीनदा मागता येते. त्या आवाजाच्या रोखाने शोधायचं.

आईवर राज्य आहे. भर दिवस. डोळ्यांवर पट्टी बांधून, हात पुढे करून लिली टेलर खोल्यांमधून चाचपडत चालते. टाळी मागते, टाळी येते. ती हसते. एका खोलीत शिरते, पुन्हा टाळी मागते. समोरच्या कपाटाचं दार हळूच उघडतं, आतल्या कपड्यांच्या फटीतून दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजवून परत आत जातात. आई लाडाने बोलत कपाटाकडे जाते, आत हात घालून चाचपते. तिथे कोणी नाही. मुलगी भलत्याच खोलीत लपलेली असते.

दुसरा भाग रात्रीचा. आईला पुन्हा टाळ्या ऐकू येतात. आता कोणी खेळत नाहीये. आवाजाचा माग काढत ती तळघराशी पोचते आणि आत अडकते. हाताशी काड्यापेटी. काडी पेटवते. थरथरत्या उजेडात तिचा चेहरा आणि मागचा अंधार. आणि त्या अंधारातून, तिच्या कानाजवळ, दोन हात पुढे येतात आणि टाळी वाजवतात.

मधे ‘सॉ’ आणि ‘इन्सिडियस’च्या दिग्दर्शकाकडून, सत्य घटनेवर आधारित, अशा नेहमीच्या पाट्या येऊन जातात. भुताचा चेहरा नाही. वॉरन जोडप्याच्या कामगिरीची ओळख नाही. घराचा पूर्वेतिहास नाही. म्हणजे पायवाटेवरचे बहुतेक टप्पे गाळले आहेत.

एकच टाळी, दोन वेळा

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं, म्हणून जरा थांबतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमावर बोलणाऱ्या सगळ्यांनाच पाठ असतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो तिथे आहे हे त्याला आधी सांगितलं आणि टेबलावरच्यांना सांगितलं नाही, तर फुटेपर्यंत तो जागेवर चुळबुळत राहतो. भयपटाच्या ट्रेलरमध्ये दुसऱ्या प्रकाराला सहसा जागा मिळत नाही, कारण त्याला वेळ लागतो. धबधब्यात सगळे बॉम्ब पहिल्या प्रकारचे.

या टीझरने दोन्ही प्रकार केले, आणि एकाच वस्तूने. कपाटाच्या दृश्यात आपण हात पाहतो. आईच्या डोळ्यांवर पट्टी आहे. आपल्याला माहीत आहे, तिला नाही. ती हसतमुखाने त्या कपाटाकडे जाते तेव्हा हॉलमध्ये कोणीतरी हमखास ‘नको जाऊ’ म्हणत असणार. इथे दणका नाहीच. तळघरात पारडं फिरतं. आता तिचे डोळे उघडे आहेत, पण काडीचा उजेड हातभर आहे. तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. पहिल्या वेळी आपल्याकडे असलेली आघाडी काढून घेतली जाते आणि टाळी वाजते. पहिल्या भागाने टाळी म्हणजे काय हे शिकवलं नसतं, तर दुसऱ्या भागातले हात नुसते अंधारातले हात ठरले असते. नियम आधी प्रेक्षकाच्या हाती दिला, मग त्याच्याच विरुद्ध वापरला.

नियमही असा की समजवावा लागत नाही. जगात कुठेही लहानपणी कोणी ना कोणी डोळे बांधून चाचपडलेलं असतं. मराठी प्रेक्षकाला तर यातला एक शब्दही कळला नाही तरी खेळ कळतो. राज्य आलेल्याची ती गोंधळलेली चाल आपल्या अंगणातली आहे. पुढे २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या विशाल फुरियाच्या मराठी ‘लपाछपी’तही उसाच्या फडात मुलांचा खेळ हाच भीतीचा मुख्य धागा झाला. त्याने कुठून काय घेतलं हा इथला मुद्दा नाही. लपलेल्याने सापडायचं असतं आणि शोधणाऱ्याने शोधायचं असतं, हा करार सगळ्यांच्या हाडीमाशी इतका खिळलेला आहे की तो मोडताना नुसतं दाखवलं तरी पुरतं.

आवाजाचा हिशेब

आता तांत्रिक बाजू, जिच्याबद्दल भयपटाचे चाहते कमी बोलतात. माणूस मोठ्या आवाजाने दचकतो असं आपण म्हणतो. खरं तर तो अचानक चढलेल्या आवाजाने दचकतो. हळूहळू वाढत गेलेला तेवढाच मोठा आवाज दचकवत नाही. दचकण्याची ही प्रतिक्रिया मेंदूच्या खालच्या भागातून, विचार करायला वेळ न देता येते. पापण्या एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतबाहेर मिटतात. आणि अंधारात माणूस जास्त दचकतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. टाळीचा आवाज काही मिलिसेकंदांत शिखर गाठतो. त्याहून धारदार चढण असलेला आणि कोणतंही यंत्र न लागणारा आवाज शोधून सापडणार नाही.

त्यात अमेरिकी चित्रपटगृहांतला एक नियम भर घालतो. ट्रेलर कर्कश असतात अशी ओरड झाल्यावर तिथल्या उद्योगाने आवाजावर मर्यादा आणली, ती ८५ डेसिबलची. पण ही मर्यादा कोणत्याही एका क्षणाला नसते. पूर्ण ट्रेलरच्या सरासरीला असते. म्हणजे आवाज हे ठरीव रकमेचं पाकीट आहे. सलग गडगडाट करणारा ट्रेलर ती रक्कम अखंड खर्चत राहतो, मग शेवटच्या दणक्याला फारसं काही उरत नाही. दीड मिनिट कुजबुज, पावलं, लाकडाची करकर यावर काढणाऱ्याला एक क्षण चांगला सणसणीत उडवता येतो. शिवाय या मोजणीत मधल्या आणि वरच्या पट्टीच्या आवाजांचं वजन जास्त धरतात, खर्जाचं कमी. भयपटांच्या ट्रेलरमध्ये तो पोटात घुमणारा खर्ज इतका का असतो, याचं एक कारण इथेही असावं: तो स्वस्त पडतो. टाळी वरच्या पट्टीतली, म्हणून महाग. पण इतकी आखूड की सरासरीत तिचा भार फारसा जाणवत नाही. टीझर कापणाऱ्यांनी असा कागदी हिशेब मांडला होता असं मी म्हणत नाही. शांततेने आपल्याला कुठली मोकळीक मिळते, हे त्या धंद्यातल्या लोकांना कानांनीच कळत असतं.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. साच्यातल्या दणक्याचा आवाज गोष्टीबाहेरून येतो. आरशात आकृती दिसते आणि पन्नास व्हायोलिनं एकदम किंचाळतात; घरातल्या बाईला ती व्हायोलिनं ऐकू येत नाहीत. प्रेक्षक दचकतो, पण आपल्याला कोणीतरी मुद्दाम दचकवलं हेही त्याला समजतं, आणि म्हणून बाहेर पडताना थोडा रागही येतो. इथे आवाज आणि भूत वेगळे नाहीत. टाळी बाईने ऐकली, आपणही ऐकली. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये दिग्दर्शक जाक तूर्नर आणि निर्माता व्हॅल ल्यूटन यांनी हेच केलं होतं: निर्जन रस्त्यावर एक बाई पाठलागाच्या भीतीने भराभर चालते, आणि श्वापदासारखा फिस्कारा येतो तो थांबणाऱ्या बसचा. तो धक्का फसवा होता, पण आवाज रस्त्यावरचाच होता. सत्तर वर्षांनी वानच्या टीझरने फसवणूक काढून टाकली आणि बाकीचं ठेवलं.

सगळंच सांगून टाकलं का?

टीझर पाहिल्यावर पहिला आक्षेप हाच येतो: सिनेमातला सर्वांत गाजणारा प्रसंग आधीच दाखवला, मग तिकीट काढून पाहायचं काय? आक्षेप रास्त आहे. अनेक भयपटांचं मातेरं असंच झालं आहे. चांगले सहा धक्के असतात आणि सहाही ट्रेलरमध्ये असतात.

इथे मात्र सिनेमाची बांधणी कामी आली. तळघरातली टाळी सिनेमाच्या पूर्वार्धात येते, आणि त्याच रात्रीच्या त्याच ओघात वर मुलींच्या खोलीत काय घडतं ते पडद्यावर आलटून पालटून दिसतं. टीझर पाहून आलेला माणूस काडी पेटली की सावध होतो. टाळी वाजते, तो श्वास सोडतो. माहीत असलेलं संकट टळलं. आणि वरच्या खोलीतल्या कपाटावर जे बसलेलं आहे त्याच्याबद्दल टीझरने त्याला काहीही सांगितलेलं नसतं. माझ्या मते ट्रेलरने भयपटाला करता येण्यासारखी सर्वांत मोठी मदत हीच: प्रेक्षकाचं लक्ष चुकीच्या ठिकाणी बांधून ठेवणं. न पाहिलेला माणूस तळघराच्या दृश्यात नुसता दचकतो. पाहिलेला माणूस वीस मिनिटं आधीपासून त्या टाळीची वाट पाहत बसलेला असतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. सिनेमा आधी २०१३च्या सुरुवातीला लागायचा होता. चाचणी खेळांना प्रतिसाद इतका चांगला आला की तो उन्हाळ्याच्या धुमश्चक्रीत, १९ जुलैला आणला गेला. अमेरिकी मंडळाने त्याला ‘आर’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच पाहायचा. शिव्या, नग्नता, रक्त यांपैकी फारसं काही नसताना. निर्मात्यांचं म्हणणं असं की अमुक दृश्य कापा म्हणजे खालचं प्रमाणपत्र मिळेल असं काही नव्हतंच. सिनेमा एकूणच फार भीतिदायक ठरला होता. ही तक्रार त्यांनी जाहीरपणे, आणि मला वाटतं हर्षभरित चेहऱ्याने, सांगितली. पहिल्या तीन दिवसांत सिनेमाने अमेरिकेत ४ कोटी १९ लाख डॉलर मिळवले. त्याच शुक्रवारी लागलेला, मेलेल्या पोलिसांवरचा, सुमारे तेरा कोटी डॉलर खर्चून केलेला ‘आर.आय.पी.डी.’ सपशेल पडला. जगभरात मिळून ‘द कॉन्ज्युरिंग’ची कमाई ३१ कोटी डॉलरांच्या पुढे गेली. हॉलमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या पाहणीत त्याला ‘ए उणे’ श्रेणी मिळाली. भयपटांना ‘सी’ मिळाली तरी पुष्कळ, अशी त्या पाहणीची ख्याती आहे.

हे यश टीझरचं किती आणि सिनेमाचं किती, ते वेगळं काढता येत नाही. तरी एक खूण बोलकी आहे. प्रदर्शन जवळ आल्यावर जो पूर्ण ट्रेलर आला त्यात वॉरन जोडपं आहे, घराचं रहस्य आहे, शेवटाकडे तुकड्यांचा धबधबा आहे. नेमका साच्यातला, आणि त्या साच्यात चांगलाच म्हणावा असा. लोकांनी लक्षात ठेवला तो टीझर, आणि त्यातली टाळी.

नंतरची नक्कल

त्यानंतर काही वर्षं भयपटांच्या ट्रेलरमध्ये खेळ आले. खेळणी, किल्ली दिली की वाजणारी पेटी, अंधारात गडगडत येणारा चेंडू. यातलं बरंच आधीही होतं. पण नक्कल करणाऱ्यांनी हात उचलले, नियम उचलला नाही. अंधारातून हात येतो, पण तो हात काय करणार याची अपेक्षा आधी कोणी तयार केलेली नसते. त्यामुळे दणक्याला पुन्हा व्हायोलिनं बोलवावी लागतात. एका दृश्याला जवळजवळ पूर्ण टीझर देऊन टाकायचं धाडस तर फारच थोड्यांनी केलं. त्यासाठी सिनेमात तेवढ्या ताकदीचं दृश्य लागतं, हेही खरं. आणि ते नसलं तर सामानाची गाडी आणि म्हाताऱ्या बाईची कात्रणं यांना पर्याय नाही.

राहिली ती ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी. साच्यातली हीच एक गोष्ट या टीझरने जशीच्या तशी ठेवली, आणि बाहेरच्या जगात सर्वांत मोठा परिणाम तिचाच झाला. सिनेमाचं चित्रीकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये झालं होतं. टीझरमधलं घर हॅरिसव्हिलचं नव्हेच. पण हॅरिसव्हिलचं खरं घर होतं, त्याचा पत्ता शोधणं अवघड नव्हतं, आणि पेरॉन कुटुंब १९८०च्या सुमारास तिथून गेल्यानंतर तिथे दुसरी माणसं राहत होती. सिनेमा गाजला आणि अनोळखी लोक रात्री-अपरात्री त्या अंगणात येऊ लागले, फोटो काढू लागले. २०१५ मध्ये त्या घरात राहणाऱ्या जोडप्याने न्यू लाइनची मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्स हिच्यावर दावा लावला. आमच्या घराकडे लोकांना तुम्ही धाडलंत, असं त्यांचं म्हणणं होतं.